सरकारी कामावर कॅब लावायची आहे? सीमाभागातल्या चालकांसाठी कागद, कन्नड आणि लॉगबुक

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले बरेच चालक सरकारी मंथलीच्या, म्हणजे महिन्याच्या करारावर खात्याला गाडी लावण्याच्या, वाटेला जात नाहीत. कारण विचारलं तर "आपलं कन्नड कच्चं" हेच उत्तर येतं. प्रत्यक्षात अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा कागदातल्या नावांमुळे, आणि बिल अडकतं ते लॉगबुकमुळे. कन्नडची अट खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. कुठे किती लागतं ते कळलं की महिना-दीड महिन्यात भागतं. आधी कागद बघू, मग भाषा.

कंत्राट नेमकं कुणाचं

सरकारी गाडीच्या कामात सहसा तीन पायऱ्या असतात. खातं निविदा काढतं, ट्रॅव्हल एजन्सी किंवा ॲपवाली कंपनी ती घेते आणि तुमची गाडी तिच्याकडे लागते. राज्य सरकारच्या खात्यांच्या निविदा केपीपीपी या कर्नाटकच्या खरेदी पोर्टलवर येतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांच्या 'जेम' या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर येतात. कन्नड वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'टेंडर प्रकटणे', 'बाडिगे वाहन', 'होरगुत्तिगे' हे शब्द ओळखायला शिका: निविदा सूचना, भाड्याचं वाहन, आउटसोर्सिंग. हे तीन शब्द वाचता आले तरी निम्म्या जाहिराती नजरेतून सुटत नाहीत.

भाषेच्या अपेक्षाही खात्यागणिक वेगळ्या. जिल्हा पंचायत, तहसील, हेस्कॉम ही वीज कंपनी, माच्छ्याचं व्हीटीयू हे तंत्रशिक्षण विद्यापीठ अशा ठिकाणी कन्नडशिवाय दिवस निघत नाही. कॅन्टोन्मेंटमधली किंवा विमानतळाकडची केंद्रीय कार्यालयं हिंदीवर चालतात आणि त्यांचे निविदेचे कागद इंग्रजीत असतात. कन्नडला हात घालायला अजून वेळ लागणार असेल तर सुरुवात तिकडून करावी.

चालकाची पात्रता

मोटार वाहन कायद्यानुसार टॅक्सीसारखं प्रवासी वाहन चालवायला वय २० पूर्ण लागतं, १८ नव्हे. ॲप कंपन्यांसाठी कर्नाटकाचे २०१६ चे नियम आहेत. त्यांत चालकाला किमान २ वर्षांचा अनुभव, कर्नाटकात किमान २ वर्षांचं वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि कन्नडचं कामचलाऊ ज्ञान व सोबत आणखी एक भाषा, शक्यतो इंग्रजी, अशा अटी आहेत. 'कामचलाऊ' म्हणजे बोलून काम भागवता येईल इतकं. शाळेचं प्रमाणपत्र त्यात मागितलेलं नाही. मात्र एखादं खातं आपल्या निविदेत 'कन्नड वाचता-लिहिता यावे' अशी अट घालू शकतं, त्यामुळे निविदेचं अटींचं पान एजन्सीकडून मागून स्वतः वाचा.

अनुभव मोजताना एक चूक फार होते. लायसन्सवर दुचाकीची आणि चारचाकीची तारीख वेगवेगळी असते. २ वर्षं धरायची ती एलएमव्हीच्या, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, तारखेपासून. दुचाकीच्या तारखेवरून हिशेब केलेला अर्ज छाननीत पडतो.

बॅजचा, म्हणजे टॅक्सीचालकाच्या आरटीओ बिल्ल्याचा, गोंधळ वेगळा आहे. ७५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनासाठी साधं एलएमव्ही लायसन्स असेल तर टॅक्सीही चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केलं. पण तो निकाल लायसन्सच्या वर्गाबद्दल आहे. निविदेत 'बॅज आवश्यक' असं छापलेलं असेल तर छाननी करणारा कारकून निकाल वाचत बसत नाही, तो रकाना बघतो. म्हणून अर्जाआधीच एजन्सीला लेखी विचारा आणि आरटीओत आपल्या लायसन्सची नोंद तपासून घ्या.

आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. तरी एजन्सी दाखला मागू शकते, तेव्हा शाळेचा दाखला फाइलीत ठेवलेला बरा.

ट्रान्सपोर्ट नोंद असलेलं लायसन्स ५ वर्षं चालतं. मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून १ वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवर असाल आणि अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हाती कारण देऊन बसाल. नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हाही प्रश्न आहे. चष्मा लागत असेल तर तो लावूनच तपासणीला जा, नंबर लपवण्यात अर्थ नाही.

नावं जुळवणं: खरी चाळणी इथे आहे

सीमाभागात एकाच माणसाची चार नावं असतात. शाळेच्या मराठी दाखल्यात आडनाव शेवटी, रेशनकार्डावर कन्नडमधून परत इंग्रजीत आलेलं स्पेलिंग, आधारवर वडिलांचं नाव आद्याक्षरात, आणि लायसन्सवर आरटीओच्या ऑपरेटरने ऐकलं तसं. कुणाला यात वावगं वाटत नाही, पण कंपनीचं ॲप आधार आणि लायसन्स यांचं अक्षर न् अक्षर ताडून बघतं. एका जादा 'ए'मुळे खातं 'पेंडिंग'मध्ये पडून राहतं.

क्रम असा ठेवा. आधी आधार नीट करा, कारण बाकी सगळं त्याच्याकडे बघतं. मग पॅन, मग बँक, आणि शेवटी सारथी पोर्टलवर लायसन्समधली दुरुस्ती. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फी भरावी लागते. पत्त्यात 'बेलगाम' आणि 'बेळगावी' हा फरकही येतो, कारण शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. जुन्या कागदांवर तो फरक दिसला तर सहसा कुणी हरकत घेत नाही. गावाचं नाव किंवा पिनकोड मात्र सगळीकडे एकच हवा.

२ वर्षांच्या वास्तव्यासाठी नाडकचेरीतून (कर्नाटकाच्या महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वास्तव्याचा दाखला काढा. चंदगड किंवा कागल तालुक्यातल्या चालकांची अडचण इथेच होते. कोल्हापूरचं लायसन्स देशभर चालतं, पण वास्तव्याची अट त्याने पुरी होत नाही. बेळगावात भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदवून आधारचा पत्ता लवकर बदला, म्हणजे पुढे दाखवायला तारीख राहील.

पोलिस पडताळणी सेवा सिंधू या कर्नाटकाच्या ऑनलाइन सेवा पोर्टलवरून होते. शहरात राहणाऱ्यांचा अर्ज पोलिस आयुक्तालयाकडे जातो, खानापूर-निपाणीकडचा जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे. सध्या राहता तोच पत्ता द्या. गावच्या घराचा दिला तर हवालदार तिकडे जातो, तुम्ही सापडत नाही आणि शेरा उलटा येतो. ॲप कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मागच्या ३ वर्षांत दारू पिऊन गाडी चालवणं किंवा दखलपात्र गुन्हा यात शिक्षा झालेली नसावी, असं आहे. शिक्षा आणि गुन्हा दाखल होणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्या भागात सीमाप्रश्नाच्या आंदोलनातल्या जुन्या केसेस अनेकांच्या नावावर आहेत. त्यातून निर्दोष सुटला असाल किंवा खटला मागे घेतला असेल, तर न्यायालयातून त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून अर्जासोबतच जोडा. नंतर पाठवलेली प्रत फाइलीपर्यंत पोचत नाही.

गाडीचे कागद

पिवळा बोर्ड हवाच. पांढऱ्या बोर्डाची गाडी ओळखीने लागली तरी अपघाताच्या दिवशी विमा हात वर करतो. फिटनेस नव्या गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण चालू आहे ना ते पाहा. केबल तुटलेलं बटण फिटनेसच्या दिवशीच कळतं. चालक पगारी असेल तर विम्यात चालकाचं कलम घालून घ्या, त्याचा हप्ता किरकोळ असतो.

परमिटकडे सीमाभागात जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. साहेबांना कोल्हापूर किंवा पणजी 'जवळच' वाटतं. पण तुमच्याकडे फक्त कर्नाटकाचं परमिट असेल तर राज्याची हद्द ओलांडता येत नाही. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे की नाही हे पहिल्याच दिवशी खात्याला सांगा. गेटवर साहेब बसल्यावर सांगितलं तर ते कारण वाटतं.

कन्नड: किती आणि कुठलं

बाजारात, बसमध्ये कन्नड कानावर पडत असल्याने बहुतेकांना बोली बऱ्यापैकी समजते. अडतं ते तीन ठिकाणी: आदर, आकडे आणि वाचन.

आधी आदर. मित्रांकडून शिकलेलं कन्नड एकेरी असतं: बा, होगु, कूडु (ये, जा, बस). तेच अधिकाऱ्याला म्हटलं की मराठीत कलेक्टरला 'ये, बस' म्हटल्यासारखं होतं. तक्रारी होतात त्या या एकेरीमुळे, कन्नड मोडकं असल्यामुळे नव्हे. शेवटी आपल्याकडचा, उत्तर कर्नाटकातला 'री' लावून टाका: बर्री, होग्री, कुंद्री. बेंगळुरूहून आलेल्या माणसाशी बन्नि, होगि, कूतुकोळि. दोन्ही समजतात, पण हिवाळी अधिवेशनाच्या ड्युटीला दुसरं जास्त कामाला येतं. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधाचं, म्हणजे बेळगावातल्या विधिमंडळाच्या इमारतीचं, उद्घाटन २०१२ मध्ये झालं. तिथे अधिवेशन भरतं तेव्हा सांबरा विमानतळ, सर्किट हाऊस आणि विधानसौध अशा फेऱ्यांना गाड्या कमी पडतात आणि गाडीत बसणारा माणूस बेळगावचा नसतो. त्याला मराठी कळत नाही आणि आपलं 'मुंजाने'ही पटकन कळत नाही. तो सकाळला 'बेळिग्गे' म्हणतो.

आता आकडे. ओटीपी, वेळ, किलोमीटर, पैसे, सगळं आकड्यांवर चालतं. एकापासून दहा: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. शून्य म्हणजे सोन्ने. गडबड होते ती इथे:

इप्पत्तु २०, एप्पत्तु ७०.
एप्पत्तु ७०, एंबत्तु ८०.
ऐवत्तु ५०, अरवत्तु ६०.
एळु ७, एंटु ८.

फोनवर हे आकडे ऐकले की परत म्हणून दाखवा. ओटीपी एकेक अंक सुटा मागा: "ओंदोंदागि हेळि सर."

वेळेचा फास तर आणखी बारीक. साडेपाचला 'ऐदूवरे', सव्वापाचला 'ऐदूकालु', इथपर्यंत सरळ. 'ऐदू मुक्कालु' म्हणजे मात्र पाच आणि पाऊण, ५:४५. मराठी कान 'मुक्कालु'ला 'पावणे' धरतो, 'ऐदू'ला पाच, आणि चालक पावणेपाचला गेटवर. तास लवकर पोचलात तर चहा पिऊन भागतं. पण पुढच्या वेळी सातची विमानवेळ असली आणि हिशेब उलटा बसला, तर भागत नाही. वेळ ऐकली की मोबाइलवर आकड्यात लिहून दाखवा, कुणी वाईट मानत नाही.

पाठ करायची वाक्यं थोडी आहेत. "नमस्कार सर, ड्रायव्हर मातनाडुत्तिद्देने. गाडि गेट हत्तिर निंतिदे." (ड्रायव्हर बोलतोय, गाडी गेटजवळ उभी आहे.) "एल्लिगे होगबेकु?" (कुठे जायचं?) "एष्टु होत्तु आगुत्ते सर?" (किती वेळ लागेल?) "ऊट माडि बरला?" (जेवून येऊ का?) "नाळे एष्टु गंटेगे बरबेकु?" (उद्या किती वाजता यायचं?) "लॉगबुकगे सहि माडि सर." (लॉगबुकवर सही करा.) रस्त्याला एडक्के डावीकडे, बलक्के उजवीकडे, नेर सरळ. आणि सगळ्यात कामाचं: "निधानवागि हेळि, मत्तोम्मे हेळि", म्हणजे सावकाश सांगा, पुन्हा सांगा. कळलं नसताना मान डोलावणाऱ्याला ड्युटीवरून लवकर काढतात. दोनदा विचारणाऱ्याला कुणी काढत नाही.

गावांची नावं कन्नडमध्ये कशी येतात तेही ऐकून ठेवा. निपाणीचं निप्पाणि, चिकोडीचं चिक्कोडि, सौंदत्तीचं सवदत्ति. ऐन घाईत 'सवदत्ति' हे वेगळंच गाव वाटायला नको.

वाचन मात्र बसून शिकावं लागतं, विशेषतः मराठी माध्यमात शिकलेल्यांना. सोय अशी की वर्णमालेचा क्रम आपलाच आहे आणि ळ सुद्धा आहे. नवीन आहे ते ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. जोडाक्षरात दुसरं अक्षर पायाशी लटकतं, तेवढं डोळ्यांना सवयीचं करावं लागतं. रोज १५ मिनिटं पुरतात. पुस्तकापेक्षा दुकानांच्या पाट्या बऱ्या: पाटीवर ६० टक्के कन्नड असलं पाहिजे असा २०२४ पासून कायदाच आहे, त्यामुळे मोठ्या अक्षरात कन्नड आणि खाली इंग्रजी अशी उजळणी सिग्नलला उभ्या उभ्या होते. लिहायला स्वतःचं नाव, गाव आणि लॉगबुकचे रकाने आले तरी चालतं. किलोमीटर नेहमीच्या इंग्रजी अंकांत लिहा, कन्नड अंक लिहायचा हट्ट नको.

करार वाचायचा तर मराठीत मागता येतो, हे थोड्यांना ठाऊक आहे. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार (ॲपवरून काम मिळणारे) कायद्यानुसार ॲप कंपनीने कराराच्या अटी सोप्या भाषेत द्यायच्या आहेत: कन्नड, इंग्रजी किंवा कामगाराला येणारी, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा. मराठी त्या अनुसूचीत आहे. अटी बदलायच्या तर १४ दिवस आधी कळवायचं आहे. ड्युटीवर कन्नड बोलणं आणि करार मराठीत मागणं, दोन्ही एकदम करता येतं. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कंपनीने चालकाचा किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा उतरवायचा असतो. सही करताना त्याचा पॉलिसी क्रमांक मागा.

किलोमीटरचा हिशेब सही करण्याआधी

मासिक निविदेत बऱ्याचदा २००० किलोमीटर आणि ३२० तास असा साचा असतो. २५ दिवस धरले तर रोज ८० किलोमीटर. बेंगळुरूची एक फेरी जाऊन-येऊन सुमारे १००० किलोमीटर, म्हणजे महिन्याचा निम्मा कोटा एका दौऱ्यात. जादा किलोमीटरचा आणि जादा तासाचा दर करारात आकड्यात लिहिलेला नसेल तर सही करू नका. चालकाचा रात्रीचा भत्ताही त्यातच.

दुसरा प्रश्न मीटर कुठून सुरू होतो. 'रिपोर्टिंगच्या जागेपासून' असं असेल तर घर ते कार्यालय तुमच्या खिशातून. निपाणीहून बेळगावला रोज यायचं तर एका बाजूला साधारण ७५ किलोमीटर. २५ दिवसांत ३७५० किलोमीटर, लिटरला २० चा ॲव्हरेज धरला तरी १८७ लिटरच्या वर डिझेल, आणि त्याचा एक रुपया बिलात येत नाही. अशा वेळी निपाणीकराने चिकोडीचं कार्यालय बघावं. खानापूरकराला २५-२६ किलोमीटर झेपतात.

लॉगबुक

रकाने सहसा असे: दिनांक, वाहन संख्ये, चालकर हेसरु, कुठून (इंद) कुठवर (वरेगे), सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर, ओट्टु म्हणजे एकूण, उद्देश, आणि सहि. सही रोजच्या रोज घ्या. आठवड्याने एकदम घेतलेल्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या हाताच्या दिसतात आणि लेखा विभाग तेवढ्यावरून पान परत पाठवतो. साहेब घाईत उतरून गेले तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताबसता आधी कालची सही, मग स्टार्टर.

खाडाखोड झाली तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि तिथेच सही घ्या. 'उद्देश'च्या रकान्यात नुसतं 'ड्युटी' लिहिलेलं चालत नाही, 'चिक्कोडि तालुका पंचायत, मीटिंग' असं लिहा. टोल, पार्किंगची भरपाई मिळणार असेल तर फास्टॅगचं महिन्याचं स्टेटमेंट लावा आणि त्यातल्या तारखा लॉगबुकशी जुळतात का ते स्वतः बघा. हत्तरगी टोलची नोंद आणि त्या दिवशी लॉगबुकात फक्त 'बेळगाव लोकल', एवढ्यावर अख्ख्या महिन्याचं बिल थांबतं.

सुट्टीला बदली चालक देताना त्याचे कागद आधी एजन्सीत नोंदवलेले असावेत. भावाला पाठवून दिलं आणि गाडी कुठे घासली, तर करार आणि विमा दोन्ही बाजूंनी अडचण.

बंदची हाक असेल, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) असेल किंवा फेब्रुवारी २०२५ सारखी दोन राज्यांमधली बस वाहतूक थांबली असेल, त्या दिवशी मार्ग आणि वेळ आदल्या संध्याकाळी खात्याकडून मेसेजवर लेखी घ्या. ड्युटी रद्द झाली तर रद्दचा मेसेजही जपून ठेवा, महिनाअखेर तो दिवस हजेरीत धरायला लागतो.

बिल अडकलं तर तोंडी फेऱ्या मारू नका, अर्ज द्या. कन्नड अर्जाचा साचा सोपा आहे: वर 'इंद' म्हणजे पाठवणारा, मग 'इवरिगे' म्हणजे प्रति, 'विषय', 'मान्यरे' म्हणजे महोदय, आणि मजकूर चार ओळी: गाडी क्रमांक, महिना, एकूण किलोमीटर, बिल दिल्याची तारीख. करार एजन्सीशी असल्याने अर्ज एजन्सीच्या नावे, प्रत खात्याला. आवक विभागात शिक्का मारून घेतलेली एक प्रत आपल्याकडे ठेवा. पुढच्या वेळी बोलताना त्या शिक्क्यावरचा क्रमांक सांगितला की कारकुनाला फाइल शोधावीच लागते.